सर्व जातींच्या मोटारींस उपयुक्त

माझी ही फजिती तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलीत, तर ती नुसती फजिती वाटेल. मी सांगते तेव्हा कळेल की तिच्यामागं केवढी मेहनत होती. अशी फजिती येरागबाळ्याला जमत नाही. कप भरून घ्या आणि बसा.

आमची एक सर्व्हिस मोटार आहे. सकाळी कोल्हापुरातनं मुरगूडला जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. एका जहागीरदारांनी नवी मोटार घेतली म्हणून जुनी काढली, ती आम्ही घेतली. आम्ही म्हणजे माझ्या पाटल्यांनी. पाटल्या मोडल्या आणि मोटार दारात उभी केली. भावकीतल्या बायका म्हणाल्या, "हात बोडकं करून मोटार घेतात व्हय कुणी?" मी म्हटलं, "तुमच्या पाटल्या कधी मुरगूडला जाऊन आल्यात? माझ्या रोज जातात."

चालवतात आमचे मालक. माणूस हाताचा हुशार, पण शब्द असे मोजूनमापून काढतो, जसं काही त्याच्यावर दरबारनं जकात बसवलीय. लिहिता-वाचता येत नाही. ते खातं माझ्याकडे. मी मुलींच्या शाळेत चौथी पास झालेली आहे, आणि ही गोष्ट मी घरात कुणाला विसरू देत नाही. मोटारीत उतारूंचे पैसे मीच गोळा करते. बाई माणूस म्हणून बुडवून जायला बघणारे सुरुवातीला होते. आता नाहीत.

तर दसरा झाला आणि मोटारीनं अंग काढून घेतलं.

म्हणजे कसं, की निघताना ठणठणीत. कागलपर्यंत काही नाही. कागल मागं पडलं की हळूहळू धाप लागल्यासारखी व्हायची आणि उभी राहायची. ना आवाज, ना धूर. रुसलेल्या सुनेसारखी गप्प.

मग मालक खाली उतरायचे. टाकीचं टोपण काढायचे, आत काडी घालून पेट्रोल बघायचे. पेट्रोल असायचंच. टोपण लावायचे, हँडल मारायचे आणि मोटार चालू. तेवढ्या वेळात मी काय करायची? मी मोटारीपुढं उभी राहून डोळे मिटायची, हात जोडायची आणि अंबाबाईचं नाव घ्यायची. आता तुम्हीच सांगा, मोटार चालू झाल्याचं श्रेय कुणाचं? काडीचं का अंबाबाईचं? मी तर उतारूंना स्पष्ट सांगायची, "बघितलंसा? मी हात जोडलं आणि झाली चालू."

मोटारीला कुणाची तरी दृष्ट लागलीय, याबद्दल मला शंका नव्हती. भावकी काय थोडी आहे का?

खंडेनवमीला मी मोटारीची पूजा केलीच होती. हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस, आणि आमचं पोट ज्याच्यावर ते हत्यार मोटारच. आता आमच्या मोटारीची टाकी कुठं आहे, तर वर, काचेच्या पुढं. आणि तिचं टोपण बरोबर मधोमध, माणसाच्या कपाळासारखं. देवानंच कुंकवाला जागा करून ठेवल्यासारखी. तिथं हळद-कुंकू वाहिलं, अक्षता चिकटवल्या. मोटार थांबायला लागल्यावर मी रोज सकाळी कुंकू लावायला लागले. तरी थांबायची. मग मी तेलात शेंदूर कालवला आणि मारुतीला लावतात तसा दर शनिवारी लिंपला. तर आधी वाटेत एकदा थांबायची, ती दोनदा थांबायला लागली. मी मनात म्हटलं, दृष्ट फारच जबरी दिसते. शेंदूर वाढवला.

उतारू दुसऱ्या मोटारीनं जायला लागले. मालकांनी मोटार शिवाजी पेठेत रसूलभाईंकडे नेली. रसूलभाई आमचे नेहमीचे मिस्त्री. त्यांनी प्लग पुसले, कारबोरेटर साफ केला, मोटार रंकाळ्यापर्यंत फिरवून आणली आणि म्हणाले, "वैनी, मोटार ठणठणीत हाय."

"मग थांबती कशी?"

"माझ्याजवळ न्हाय थांबली."

"रंकाळ्याला जाऊन यायला मोटार कशाला लागती? म्हातारी माणसं चालत जातात. कागलच्या पुढं नेऊन बघा."

"तवर दुकान कोण बघंल?"

मालक घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "इकून टाकू."

दोनच शब्द. माझ्या पाटल्या दोन शब्दांत निघाल्या.

गिऱ्हाईकही त्यांनी बघून ठेवलं होतं. जयसिंगपूरचे आप्पाण्णा, शेंगांचे व्यापारी. त्यांना मोटार नको होती, मोटारीचं इंजिन पाहिजे होतं. ते काढून शेंगा फोडायच्या यंत्राला जोडणार. माझ्या पाटल्या जयसिंगपुरात बसून शेंगा फोडणार?

मी म्हटलं, "मुरगूडच्या बाजाराला त्यांना घेऊन चला. मोटार एकदाबी न थांबता मुरगूडात पोचली, तर इकायची न्हाय."

"आन थांबली तर?"

"तर द्या त्यांच्या पदरात. मी तोंड उघडणार न्हाय."

मालकांनी वर बघितलं. लग्न झाल्यापासून एवढ्या आशेनं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "तोंड उघडणार न्हाईस? नक्की?"

"नक्की."

आता बाजाराच्या आधी मोटार दुरुस्त व्हायलाच पाहिजे होती. आणि मी एकदा एखादी गोष्ट करायचीच म्हटलं, की ती होते. बरी होते का वाईट, तो पुढचा प्रश्न.

अंबाबाईच्या महाद्वारात पोथ्या-पंचांगं मांडून बसणाऱ्याकडे मला एक पुस्तक दिसलं. वर मोटारीचं चित्र, आणि खाली छापलेलं, 'सर्व जातींच्या मोटारींस उपयुक्त. गुरूवाचून मोटारदुरुस्ती. लेखक, एक अनुभवी गृहस्थ.' गुरूवाचून म्हणजे रसूलभाईंवाचून. मला आणखी काय पाहिजे होतं?

तुम्ही म्हणाल, मोटारीबरोबर कंपनीचं पुस्तक मिळतं, ते कुठं गेलं? मिळालं होतं की. जाडजूड, इंग्रजी. आमच्या फडताळाचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली ते बरोबर बसलं. कंपनीनं केलेलं माप, चुकतंय कशाला.

दुसऱ्या दिवशी मालकांना मोटारीखाली घातलं आणि मी पाट मांडून समोर बसले. मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "प्रथमतः चित्त स्थिर करून यंत्राचे अवलोकन करावे."

खालनं आवाज आला, "काय करावं?"

"बघा म्हणतंय."

"बघतोयच की."

"यंत्राच्या उजव्या अंगास पेट्रोलचा पंप दृष्टीस पडेल."

"न्हाय पडत."

"नीट बघा. तुम्ही उताणं पडलाय, तुमचं उजवं ते मोटारीचं डावं."

जरा वेळानं खालनं आलं, "दोन्ही अंगाला न्हाय."

मी पुस्तक खाली धरून चित्र दाखवलं. पंप चांगला ठसठशीत काढलेला होता, बाण करून नाव लिहिलेलं होतं. मी विचारलं, "हे चित्रात हाय, मग मोटारीत का न्हाय?"

"चित्र दुसऱ्या मोटारीचं असंल."

"पुस्तक सगळ्या जातींच्या मोटारींचं हाय. छापलंय तसं."

"मोटारीतबी जाती काढल्या?" मालक म्हणाले आणि परत गप्प झाले.

पण माझं डोकं गप्प बसणारं नव्हे. चित्रात पंप आहे. मोटारीत नाही. मोटार मधल्या काळात कुणाच्या दुकानात उभी होती? बरं, पंप नाही म्हणून पेट्रोल चढत नाही, पेट्रोल चढत नाही म्हणून मोटार थांबते. सगळं एका सुतात आलं. एवढं लख्ख मला शाळेतलं गणितसुद्धा कधी सुटलं नव्हतं.

पदर खोचला आणि शिवाजी पेठेत गेले. रसूलभाईंच्या दुकानापुढं तालमीतली चार माणसं उभी होती, ती बाजूला सरली. मी म्हटलं, "रसूलभाई, आमचा पंप काढा."

"कसला पंप वैनी?"

"पेट्रोलचा. मोटार दुरुस्त करायला दिलती, कापायला न्हवं."

ते हातातलं फडकं ठेवून उभे राहिले. रंगानं सावळा माणूस, पण कानापर्यंत लाल झालेला मला दिसला. म्हणाले, "वैनी, तुमच्या मोटारीला पंप कधीच नव्हता. टाकी वर हाय. पेट्रोल आपसूक खाली येतंय, वर ठेवलेल्या घागरीतनं पाणी यावं तसं. त्याला पंप कशाला?"

"घागर मला शिकवू नका. पुस्तकात पंप हाय."

"मग पुस्तकात बसून मुरगूडला जावा."

तालमीतली माणसं हसली. मी त्यांच्याकडं बघितलं, तेव्हा थांबली. मी रसूलभाईंना सांगितलं की आजपासून आमची मोटार तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. ते म्हणाले, "मोटारीनं पायरी चढूच न्हाय वैनी, पुढचं चाक वाकडं हुतंय." मी घरी आले.

पंप नाही तर नाही, बाकीचं पुस्तक होतं की. बाजाराच्या दिवसापर्यंत मी मालकांकडनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत करून घेतलं. जे काढा म्हटलं ते काढलं, पुसलं, परत बसवलं. जे घट्ट करा म्हटलं ते घट्ट केलं. आमच्या मोटारीत जे नव्हतं, ते मनातल्या मनात केलं. आणि बाजाराच्या सकाळी तेलात ताजा शेंदूर कालवून टोपणावर असा जाड हात दिला, की सूर्य उगवल्यासारखं कपाळ दिसायला लागलं.

आप्पाण्णा आले. मोटार वाटेत थांबली तर इंजिन त्यांचं, हे मालकांनी त्यांच्या कानावर घातलेलंच होतं. गोल टोपी, पांढरंफेक धोतर, गोड बोलणं. मोटारीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सजवलीया की लेकीगत."

मी म्हटलं, "लेक दाखवाय काढलीया, द्यायला न्हवं."

निघालो. मागं मुरगूडची दहीवाली आक्का आणि बाजारकरी बायका. पुढं मालक, आप्पाण्णा आणि मी. पुस्तक माझ्या मांडीवर. कागल आलं, कागल गेलं. मोटार अशी धावत होती की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. आप्पाण्णा म्हणाले, "इंजिन छान हाय वो. दुरुस्ती कुणी केली?"

"पुस्तकानं." मी वर उचलून दाखवलं.

"कुणी लिवलंय?"

"एका अनुभवी गृहस्थांनी."

"अनुभव कशाचा त्यांना?"

"ते लिहिलेलं न्हाय," मी म्हटलं, आणि तेवढ्यात मोटारीला धाप लागली. पुढं एक चढ होता. चढाच्या पायथ्याशी ती उभी राहिली.

मागं आक्का जांभई देऊन म्हणाली, "आलं वाटतं आपलं ठिकाण."

मी पुस्तक उघडलं. 'मोटार मार्गात थांबल्यास' असं एक सबंध प्रकरणच होतं. सगळं पुस्तक करून घेताना तेवढं एकच मी मागं ठेवलं होतं, थांबल्यावर वाचायचं म्हणून. मोठ्यानं वाचलं, "प्रथम उतारूंस धीर द्यावा." मी मागं वळून म्हटलं, "धीर धरा."

"धरलाय," आक्का म्हणाली.

"नंतर टाकीत पेट्रोल आहे किंवा कसे, ते पाहावे."

मालक खाली उतरून टोपण काढून काडी बघतच होते. "हाय. जरा कमी हाय, पर हाय."

"नसल्यास भरावे."

"हाय म्हटलं की. असल्यास काय?"

मी पान उलटलं. "असल्यास, जवळच्या जाणत्या कारागिरास पाचारण करावे." खाली वेलबुट्टी. प्रकरण समाप्त.

जवळचा जाणता कारागीर शिवाजी पेठेत बसला होता, आणि त्याला मी चार लोकांत चोर म्हणून आले होते.

मालक माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "ठरलं हुतं."

ठरलं होतं. मी तोंड मिटलं. पुस्तकही मिटलं. डोळ्यापुढं शेंगांची टरफलं उडायला लागली.

आप्पाण्णा खुशीत आले. "आता इंजिन आमचं. मुरगूडपतोर तरी पोचवूया त्याला. पेट्रोल कमी हाय म्हणता, मीच घालतो." मोटारीमागं पेट्रोलचा बंद डबा बांधलेला असतो, तो त्यांनी काढून घेतला. मालकांनी टोपण हातात धरलं आणि नरसाळं लावलं. आप्पाण्णांनी डब्याच्या कोपऱ्याला मोळा ठोकून एक भोक पाडलं आणि डबा उपडा केला.

पेट्रोल कसं पडणार? एक भोक. डबा भकभक करायचा, चार थेंब आत, आठ थेंब आप्पाण्णांच्या धोतरावर. थांबायचा. परत भकभक. ते डबा हलवतात, थोपटतात, फुंकर मारतात. एवढा मोठा व्यापारी, पण घरात कधी रॉकेलचा डबा फोडलेला नसावा.

मी तोंड मिटून उभी. पेट्रोल रस्त्यावर चाललंय, माझ्या पैशाचं, आणि मी गप्प. दात आवळले. पदर तोंडात धरला. आक्का म्हणाली, "हिला काय हुतंय बघा, डोळं फिरल्यात."

शेवटी सुटलंच. "अवो आप्पाण्णा, दुसरं भोक पाडा की पलीकडच्या कोपऱ्याला. आत वारं शिरल्याबिगर तेल भाईर येतंय व्हय कधी? सगळीकडनं बंद केल्यावर ते तरी पडंल कसं? एवढं तर चुलीपुढल्या पोरीलाबी कळतंय."

आप्पाण्णांनी निमूट दुसरं भोक पाडलं. पेट्रोल धारेला लागलं, गुळगुळ गुळगुळ. मी छाती पुढं काढून सगळ्यांकडं बघितलं.

मालक डब्याकडं बघत नव्हते. ते हातातल्या टोपणाकडं बघत होते. आतनं बघितलं. बाहेरनं बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "ह्याला एक भोक हुतं."

"कशाला?" मी विचारलं.

"तू आत्ता सांगितलंस त्याला."

त्यांनी आप्पाण्णांच्या हातातला मोळा घेतला आणि टोपण खरवडायला सुरुवात केली. वरचा शेंदूर निघाला. त्याच्या खाली मागच्या शनिवारांचा शेंदूर, लाखेसारखा कडक झालेला. त्याच्या खाली कुंकू. त्याच्या खाली हळद. दसऱ्यापासूनची माझी सगळी भक्ती थराथरानं रस्त्यावर पडत होती आणि उतारू खाली उतरून, वाकून बघत होते. अगदी तळाशी बारीक भोक, आणि भोकात बरोबर बसलेला अक्षतेचा एक दाणा. सोनारानं खडा बसवावा तसा.

मालकांनी मोळ्यानं दाणा उडवला. टोपणात फुंकर मारली. पलीकडनं वारा आला.

मग माझ्या डोक्यात एकेक उजेड पडायला लागला, आणि एकही बरा नव्हता. मी हात जोडायची तेव्हा मोटार चालू व्हायची, ती मालक काडी घालायला टोपण उघडायचे म्हणून. शेंदूर वाढवला तसं दुखणं वाढलं, ते का. रंकाळ्यापर्यंत थांबली नाही, ती एवढ्याशा वाटेत टाकीचा दम कोंडत नव्हता म्हणून. आणि बिचारा पंप, जो आमच्या मोटारीत कधी जन्मालाच आला नव्हता.

आक्का म्हणाली, "बाई गं, तू तर मोटारीचं नाकच दाबून धरलंतंस."

हँडल मारलं. मोटार चढ अशी चढली की आप्पाण्णांची टोपी उडाली, ती आणायला मात्र परत थांबावं लागलं.

आता तुम्ही विचाराल, पुस्तक भरवशाचं का नाही? मी सांगते. त्या गृहस्थांनी लिहिलेलं खोटं नव्हतं. कुठल्या तरी मोटारीत तो पंप असेल, आणि उजव्याच अंगाला असेल. पण माझी मोटार त्यांनी बघितली नव्हती, आणि मलाही बघितलेलं नव्हतं. मोटारीबरोबर मालकीणही येते, हे कुठल्या पुस्तकात छापतात? तेव्हा पुस्तक जरूर घ्या, वाचा, पण ते हातात धरून कुणाच्या दुकानात भांडायला जाऊ नका. रसूलभाईंची माफी मागितली का? मागितली, त्याच चार माणसांपुढं मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या वैनी. पंप गावला का?" अजून विचारतात. सणाला शिरखुर्मा पाठवतात, तेव्हासुद्धा डब्याबरोबर तोच निरोप असतो.

तर मुरगूड आलं. उतारू उतरले. आप्पाण्णांनी पेट्रोलचं धोतर झटकलं आणि म्हणाले, "मोटार वाटंत थांबली. ठरल्यापरमाणं इंजिन माझं. काय बाई?"

मी गप्प. ह्या खेपेला करार म्हणून नव्हे, खरंच बोलायला काही उरलं नव्हतं. थांबली होती, हे खरं. मी थांबवली होती, हेही खरं. मी मालकांकडं बघितलं. ते टोपण पुसत होते, सावकाश, स्वच्छ धोतराच्या सोग्यानं.

"न्हाय आप्पाण्णा," ते म्हणाले. "तुमचं-आमचं ठरलं हुतं ते बिघडलेल्या मोटारीचं. ही बिघडलेली न्हवतीच कधी."

"मग बिघाड कशात हुता?"

मालकांनी टोपण टाकीवर बसवलं, घट्ट केलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बिघाड घरात हाय, पावणं. लगीन करून आणलाय. त्यो इकता येत न्हाय."